बाजेवर पोहणारा मास्तर

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि देवमन शाळेच्या आवारात बाजेवर पालथा पडून पोहत होता. सुंभाची वीण छातीला टोचत होती. त्याच्यासमोर जमिनीवर अंथरलेल्या पोत्यांवर तेवीस मुलंमुली पालथी पडून तेच करत होती.

"एक, हात पुढं. दोन, पाणी मागं. तीन, मान वळवा, श्वास घ्या."

सर्वांत जवळचं पाणी शाळेच्या माठात होतं आणि त्यावर झाकण होतं.

साल १९७८, महिना मे. केनवडच्या पुढं तीन मैलांवरच्या या गावात वाशीमच्या कॉलेजातल्या देवमनसारख्या विद्यार्थ्यांचं दहा दिवसांचं सेवा शिबिर चालू होतं. शोषखड्डे आणि रस्तादुरुस्ती दरवर्षीची. यंदा शिबिराचे प्रमुख प्रा. मोहनसिंग यांनी दोन नव्या गोष्टी घातल्या होत्या: मुलांना सकाळी पोहणं आणि दुपारी संगणक. संगणक सरांनी स्वतः पाहिला होता. नागपूरला, एका चर्चासत्रात, काचेपलीकडून.

मंजुरीच्या पत्रात दोन अटी आल्या. शिबिराच्या काळात एकाही मुलाला पाण्याजवळ नेऊ नये. संगणकाची मागणी करू नये. सरांना यात काही अडचण दिसली नाही. "आपण तत्त्व शिकवायचं," ते म्हणाले.

देवमनला तर पहिली अट वाचून हायसं वाटलं. त्याला पोहता येत नव्हतं.

घडलं ते साधंच होतं. कामं वाटताना सरांनी विचारलं, "तुझं गाव पैनगंगेच्या काठावर ना?" देवमन "हो सर" म्हणाला, कारण ते खरं होतं. सरांनी त्याच्या नावापुढं 'पोहणे' लिहिलं. पण नदीला उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी आणि पावसाळ्यात ढोरं वाहून जातील एवढं. पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत, आणि देवमनच्या गावातल्या पोहण्यासारख्या दोन विहिरी होत्या दुसऱ्यांच्या. त्याचे आईवडील छप्पन साली बौद्ध झाले, तो अठ्ठावन साली जन्मला. विहिरी होत्या तशाच राहिल्या. त्याच्या वस्तीतल्या कुणाही पोराला तिथं कधी उतरू दिलं नाही. हे सरांनी विचारलं नव्हतं, आणि जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं अशी देवमनची सवय होती.

आता सांगावं तर शिबिराचे तास रद्द होणार. तास गेले की प्रमाणपत्र गेलं, आणि त्या प्रमाणपत्राच्या गुणांवर त्याचा डी.एड.चा प्रवेश अडला होता. त्याच्या घरात अजून कुणी मास्तर झालेलं नव्हतं. म्हणून त्यानं कॉलेजच्या ग्रंथालयातून पोहण्याची पुस्तिका आणली आणि ती पाठ केली. पुस्तिकेत बारा आकृत्या होत्या. पाण्यात कसं उतरावं ते बहुधा तेराव्या पानावर असावं. ते पान फाटलेलं होतं.

पहिले चार दिवस वर्ग पोत्यांवर झाला. पाचव्या दिवशी मुलं खोल पाण्यात गेली, म्हणजे इंद्रभानच्या कापसाच्या खोलीत. इंद्रभान गावातला बऱ्या शेतीवाडीचा माणूस. खरेदी केंद्रावर त्याचा नंबर अजून लागला नव्हता, त्यामुळं मे उजाडला तरी एक अख्खी खोली छातीएवढ्या कापसानं भरलेली होती. देवमननं भीतभीतच विचारलं. इंद्रभाननं दोन मिनिटं विचार केला.

"किती पोरं हायेत?"

"तेवीस."

"मंग येऊ द्या. कापूस चांगला तुडवला जाईन. अजून दोन बैलबंड्या माल मावन खोलीत."

कापसात देवमन खरोखर चांगला पोहला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला, वळला, परत आला. मुलं दाराशी उभी राहून बघत होती. इंद्रभानची नऊ वर्षांची पोरगी गंगू शेजारणीच्या कानात काहीतरी म्हणाली आणि दोघी तोंडावर हात धरून खाली बसल्या. देवमनला वाटलं, कौतुक असेल.

दुपारचा संगणक बेबीताईकडं होता. ती विज्ञान शाखेची, हुशार. तिनं आठ मुलांना एका ओळीत बसवून संगणक केला. प्रत्येकाच्या हातात पाटी. पाटीची कोरी बाजू म्हणजे शून्य, रेघ मारलेली बाजू म्हणजे एक. टाळी वाजली की उजव्या टोकाच्या मुलानं पाटी फिरवायची, आणि उजव्या शेजाऱ्याची रेघ जाऊन पाटी कोरी झाली की आपण आपली फिरवायची. एवढ्यावर हे यंत्र दोनशे पंचावन्नपर्यंत मोजत असे, मधेच कुणाला लघवीला लागली नाही तर.

तिसऱ्या दिवशी शाळेशेजारच्या गोमतीबाई यंत्रासमोर येऊन बसल्या.

"बाई, तुह्या मशीनले इचार ना, माही म्हैस कधी व्याते?"

"काकू, हे मशीन फक्त मोजते."

"मंग मोजून सांग."

यंत्रानं मोजलं. टाळ्या गोमतीबाईंनीच वाजवल्या, हात दुखेपर्यंत. एकाहत्तर भरल्या. त्या समाधानानं घरी गेल्या आणि एकाहत्तराव्या दिवसाच्या हिशेबानं सरकी भिजवायची त्यांनी ठरवून टाकली.

सातव्या दिवशी, मंगळवारी, जिल्ह्याहून पाहणीला साहेब येणार होते. त्यांना प्रात्यक्षिक दाखवायचं म्हणून सरांनी पाण्याजवळ जाण्याची एका तासाची लेखी परवानगी मिळवली. सोमवारी संध्याकाळी त्यांनी ती देवमनच्या हातात ठेवली. देवमननं कागद वाचला. तारीख बरोबर होती, सही होती, शिक्का होता. कुठंही चूक नव्हती.

प्रात्यक्षिक इंद्रभानच्या विहिरीवर ठरलं. त्याची मोटार आठ दिवसांपासून बंद होती, म्हणून मेमध्येही चार पुरुष खोल पाणी होतं. मंगळवारी नऊ वाजता साहेब काठावरच्या खुर्चीत बसले. त्यांच्या शेजारी संगणक बसला, म्हणजे आठ मुलं पाट्या घेऊन. पोहणाऱ्याचे हात मोजायचं काम त्याच्याकडं होतं. उरलेली पंधरा मुलं रांगेत उभी होती. देवमननं ती पुन्हा मोजली. पंधरा मुलं, पाण्याचा थेंब न पाहता शिकलेली, आणि शिकवणारा आपण.

"एका वेळी एक," तो म्हणाला. "पायऱ्यांनी सावकाश..."

गंगूनं पायऱ्यांकडं पाहिलंसुद्धा नाही. ती काठावरून पळत आली आणि गुडघे पोटाशी घेऊन धबकन पाण्यात पडली. तिच्यामागं बाकीची चौदा. साहेबांच्या चष्म्यावर पाणी उडालं. पोरं बुडी मारून तळ गाठत होती, एकमेकांचे पाय ओढत होती, पाठीवर पडून ढगांकडं बघत होती. संगणक पहिल्या मिनिटाला गोंधळला आणि त्याच्या डाव्या टोकाचा पोरगा रडू लागला.

"सहा दिवसांत?" साहेबांनी चष्मा पुसत विचारलं. "पाण्याशिवाय?"

"तत्त्व पक्कं असलं की होतं, साहेब," मोहनसिंग सर म्हणाले.

"वा! आता प्रशिक्षकांचं होऊन जाऊ द्या."

देवमननं सदरा काढून त्याची घडी केली. पायऱ्या उतरला. दुसऱ्याच्या विहिरीत तो आयुष्यात पहिल्यांदा उतरत होता. वर काठावर इंद्रभान हात मागं बांधून उभा होता. तो काही बोलला नाही. तो बोलला नाही, हे देवमननं लक्षात ठेवलं. शेवटच्या कोरड्या पायरीवर तो थांबला, पुस्तिकेतली पहिली आकृती आठवली आणि पुढं झुकला.

एक, हात पुढं. दोन, पाणी मागं. तीन.

वर बेबीताईनं सगळ्या पाट्या पुन्हा कोऱ्या करून ठेवल्या होत्या. तिनं तीन टाळ्या वाजवल्या. उजवीकडच्या दोन पाट्यांवर रेघा आल्या आणि मग एकही पाटी हलली नाही.

"मशीन थांबलं, सर," बेबीताई म्हणाली.

पाण्यावर बुडबुडे आले. गंगूनं सूर मारला, देवमनचे केस धरले आणि त्याला वर खेचलं. दोघांनी खालून ढकललं, एकीनं काखेत हात घातला, आणि चौघांनी मिळून मास्तराला पायरीवर आणून पालथं घातलं. हे सगळं त्यांनी न बोलता, सवयीनं केलं.

साहेब उठून टाळ्या वाजवू लागले. बुडणाऱ्याला कसं वाचवावं याचं इतकं हुबेहूब प्रात्यक्षिक त्यांनी पाहिलं नव्हतं. मोहनसिंग सरांना ते कार्यक्रमात असल्याचं आठवेना, पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

"फारच खरं वाटलं हो," साहेब देवमनला म्हणाले. "किती वेळ दम धरला तुम्ही! रविवारी मंगरूळपीरला हेच करून दाखवा. मोठी मंडळी येणार आहेत."

देवमननं खरं सांगायला तोंड उघडलं. त्यातून पाणी आलं.

तासाभरानं सगळे पांगले. देवमन पायरीवर ओला बसला होता. गंगू वरच्या पायरीवर वेणी पिळत होती.

"मास्तर, तुमाले पोयता येत नाही."

"नाही."

"मंग आमाले कायले शिकवून राह्यले होते?"

"तुम्हाला येत होतं, तर सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंच नाही. आमाले वाटलं, हे वाशीमचं पोयणं असन. वरतून रोज वर्ग सुटला का फुटाणे भेटत होते." तिनं वेणी मागं टाकली. "रविवारी पुन्हा बुडा लागते ना तुमाले? तिथं आमी नसू."

देवमनच्या ते आधीच लक्षात आलं होतं. नीट बुडायचं, तर पोहता यायला हवं.

"मुलांना पाण्याजवळ न्यायचं नाही, असं पत्र आहे," तो म्हणाला. "परवानगी तासाभराची होती. संपली."

"तुमी नका नेऊ आमाले. आमी तुमाले नेतो."

पत्रात याविषयी काही नव्हतं. देवमननं आठवून पाहिलं, दोनदा.

गंगूचा बाप अजून वर काठावरच होता. त्यानं खाली वाकून पाहिलं.

"मोटार परवा सुरू होते," इंद्रभान म्हणाला. "तोवर पाणी हाय. पाठीले बांधाले घरचा डबा देतो. वापस आणजा पण, गोडेतेलाचा हाय तो."

उद्या बुधवार, शिबिराचा आठवा दिवस. मुलांचा वर्ग नेहमीप्रमाणं सहा वाजून दहा मिनिटांनी, शाळेच्या आवारात, पोत्यांवर. मास्तराचा साडेपाच वाजता, विहिरीवर.