आंटींच्या रेकॉर्डिंगमधले पाय

आमच्या घरात दिवसा बोलायची चोरी होती. वापीजवळच्या अथाल गावी चाळीत एक खोली, त्यात आम्ही पाच जण, आणि पप्पा खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात बारा तासांच्या पाळीवर. रात्रपाळी असली की ते दिवसा झोपायचे आणि बाकीचे आम्ही खुणांनी बोलायचो. भांडं खाली ठेवायच्या आधी आई फडकं अंथरायची. बारावीपर्यंतचा सगळा अभ्यास मी ओठ न हलवता केला. नंदुरबारच्या माणसाला इथे काम मिळतं, झोप मिळत नाही, असं आई म्हणायची.

अशा घराच्या भिंतीला लागून आंटी राहायला आल्या, आणि चार आकडे मोजल्याशिवाय त्या कुठलंच काम करत नसत. "वन, टू, वन-टू-थ्री-फोर" म्हटलं की नळ सुरू, परत म्हटलं की गॅसची टाकी जागची हलली. रस्ता ओलांडतानाही मोठ्याने मोजायच्या आणि ट्रकवाले मुकाट थांबायचे. चाळीने दोन दिवसांत नाव पाडलं, वन-टू आंटी. वय सत्तरीच्या पुढे, केस मेंदीने लाल, पायांत कॅनव्हासचे बूट. मूळच्या वसईच्या, आणि चाळीस वर्षं मुंबईच्या हॉटेलांमधून बँडबरोबर जाझ-रॉक गायलेल्या. इथल्या शाळेत त्यांची धाकटी बहीण शिक्षिका होती, तिच्या सोबतीला आल्या होत्या.

पहिल्याच दुपारी त्यांचा रियाज सुरू झाला आणि आई पदर खोचून भांडायला निघाली. पप्पांनीच चादरीतून हात काढून तिला अडवलं. "गाऊ दे बाईले," ते म्हणाले, "मना कानमातलं मशीन बंद व्हस." पाळी संपली तरी मशीन त्यांच्या कानात घरघरतच असायचं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं आम्ही उगाच कुजबुजत होतो. त्यानंतर आमच्या घरात भांडी मोकळेपणी वाजू लागली आणि मी मोठ्याने वाचायला लागले.

जाझ-रॉक म्हणजे काय, हे आईने एकदा त्यांना विचारलंच. आंटींना असले प्रश्न फार आवडायचे. म्हणाल्या, "जाझ म्हणजे तेच वरण, रोज नवी फोडणी. रॉक म्हणजे कुकरच्या शिट्ट्या. दोन्ही एकाच वेळी झालं की जाझ-रॉक." आई म्हणाली, मग ते तर माझ्याकडे रोज सकाळी असतं. त्यावर आंटी इतक्या हसल्या की ओट्याला धरून खाली बसल्या. पुढे आईच्या कुकरची शिट्टी झाली की भिंतीपलीकडून त्याच सुरात उत्तर यायचं.

मी बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते. तुमचं गाणं मोबाइलवर कुठे सापडेल, असं मी त्यांना सहज विचारलं.

"कुठेच नाही गो. दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर मागे आ-आ केलंय, तेवढंच. लोक जेवत होते आणि मी गात होते. चाळीस वर्षं टाळ्यांपेक्षा चमचेच जास्त ऐकले." मग म्हणाल्या, "ऐकायलाच आलेल्या माणसांपुढे एकदा गायचंय. आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणीतरी रेकॉर्ड केलं पाहिजे. गळा अजून वर्षभर साथ देईल. पुढचं मला ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या प्रोजेक्टचा विषय बदलून आंटींच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण असा करून घेतला. आमच्या सरांनी एकच अट घातली. आवाज स्वच्छ हवा, मध्ये गोंगाट आला तर मार्कांची आशा सोडायची.

आंटींच्या बहिणीच्या ओळखीने रविवारी दुपारी शाळेचा हॉल मिळाला. दमणहून आंटींचा जुना ड्रमर आला, वापीहून दोन गिटारवाले आले. माइक मी कॉलेजातून आणले आणि स्टेजवर इंचपट्टीने मापून लावले. ऐकायला चाळ होती, आणि आईबरोबर पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या, दुधनीकडच्या वारली बायका होत्या.

पहिली दोन गाणी सगळे पालकसभेला बसल्यासारखे बसून राहिले. माझ्या हेडफोनमध्ये गाण्याइतकाच पंखा ऐकू येत होता. आंटींचा चेहरा उतरला. पुन्हा हॉटेलात गातोय असंच त्यांना वाटलं असणार. तिसरं गाणं सुरू झालं तेव्हा दुधनीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. रांगेत बसून समोर बघत गाणं ऐकायची त्यांना सवयच नव्हती. त्यांच्याकडे तारपा वाजवणारा मधोमध असतो आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात. त्यांच्यातली मंगीबाई उठली, तिने खुर्च्या भिंतीकडे सारल्या आणि बघता बघता फेर धरला गेला. पण मध्ये कुणी नव्हतं.

आंटींनी ते पाहिलं आणि गाता गाता, हातात माइक घेऊन, त्या पायऱ्या उतरून खाली आल्या. थेट फेराच्या मध्यात जाऊन उभ्या राहिल्या.

माझे बाकीचे माइक राहिले स्टेजवर. सर मागून हातवारे करत होते, की थांबव, त्यांना वर पाठव. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी थांबवलं असतं तर प्रोजेक्ट वाचला असता. मी आंटींच्या तोंडाकडे पाहिलं, दोन स्टँड उचलले आणि फेरात घुसले.

आता वायरींची पंचाईत. बायका फिरत होत्या, त्यांच्याबरोबर आंटीही गिरक्या घेत होत्या आणि वायर त्यांच्या पायांत गुंडाळली जात होती. तेवढ्यात पप्पा आले. धाग्यात गाठ पडू न देणं हेच ज्याचं आयुष्यभराचं काम, त्याला काय शिकवायचं? त्यांनी वायर डोक्यावर धरली आणि फेराच्या गतीने सोडत, ओढत, सोडवत चालू लागले. मला म्हणाले, "तू आवाज देख. वायर मी देखस."

मग आई उठली, चाळ उठली. ड्रमर हसत हसत लय वाढवत गेला. ते एक गाणं सतरा मिनिटं चाललं आणि त्यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत कुणी खुर्चीवर बसलं नाही.

सोमवारी सरांनी ऐकलं. यात पायांचा आवाज आहे, म्हणाले, फिल्टर लावून काढून टाक. मी आंटींना जाऊन विचारलं. त्यांनी माझा हात धरला. "चाळीस वर्षं चमचे ऐकले, पोरी. आता कुठे पाय ऐकू आले, ते कापतेस?"

मी काही कापलं नाही. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांना सांगितलं, की आवाज डावीकडून उजवीकडे फिरतो, कारण गाणारी फिरत होती. हे पाय दुधनीचे, हे चाळीचे. ते डोळे मिटून ऐकत राहिले. त्यांची बोटं टेबलावर चालू लागली, तेव्हा सरांनी माझ्याकडे पाहून होकारार्थी मान हलवली.

बहीण निवृत्त झाली आणि आंटी तिच्याबरोबर वसईला गेल्या. निघताना पेनड्राइव्ह त्यांनी गळ्यात बांधला होता, ताइतासारखा. आता दोन ओळींत दम लागतो, असं फोनवर सांगतात. पण आल्यागेल्याला ते रेकॉर्डिंग पूर्ण ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत.

एक तास बारा मिनिटांचं ते रेकॉर्डिंग आता कुणालाही मोबाइलवर ऐकता येतं. त्यावर गायिका म्हणून आंटींचं पूर्ण नाव आहे आणि ध्वनिमुद्रण म्हणून माझं. मी बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाले. आमच्या कुळात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली.