पाटी बदलली होती

कोणी पासवर्ड टाकायला बसलं की टेकचंदभाऊ खुर्चीसकट भिंतीकडे फिरायचे. नुसती मान वळवून भागायचं नाही, सगळी खुर्ची फिरायची. भिंतीवर राईस मिलवाल्याचं कॅलेंडर होतं. त्यातले तिथी-वार वाचत असल्यासारखे तिकडे बघत बसायचे आणि म्हणायचे, "होऊ द्या आरामात. मी इकडं आहो."

गिऱ्हाइकांना हसू यायचं. एकदा एक जण म्हणाला, "भाऊ, आमच्या पासवर्डात का सोनं ठेवलं आहे? म्हशीचं नाव आहे."

भाऊ भिंतीकडे बघतच म्हणाले, "म्हशीचं असू दे का बायकोचं. शेजारी कुलूप लावून राहिला तं आपण पाठ दाखवावी. अन् आता ते बदलवा. सगळ्या दुकानाले सांगून टाकलं ना तुमी."

देवरीच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. सातबारा, दाखले, धान विकायच्या वेळची नोंदणी, असली कामं तिथे व्हायची आणि बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त व्हायचे. मी झाडझूड करायची, पाणी भरायची, चहा आणायची. चौथी शिकलेल्या बाईला दुकानात दुसरं काय काम असणार? मला बोलायला भीती वाटायची. कोणी काही विचारलं तर मी मान हलवायची आणि माठाकडे जायची. चौथीत गुरुजींनी धडा वाचायला उभं केलं होतं. मी 'पाणी'ला 'पानी' म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून चारचौघांत मी मोठ्यानं काही वाचलं नव्हतं.

भाऊ बारीक अंगाचे. शर्टाच्या खिशात पेचकस आणि पँटच्या खिशात मुरमुरे. मुरमुरे खायचे ते उंबऱ्याबाहेर उभे राहून. कोणी टेबलाजवळ काही खायला लागलं तर म्हणायचे, "बटनात दाना गेला तं मुंग्या येतेत. मंग त्याच पासवर्ड टाकतेत."

ते माझ्या पाण्याला दुरुस्तीचं हत्यार समजायचे. लोक तापून यायचे. घरी वीसदा पासवर्ड टाकून बघितलेला असायचा, मशीन घेत नाही म्हणून बटणं आपटलेली असायची. भाऊ आधी त्यांना बाकावर बसवायचे. "यमुना, पानी दे. गरम डोक्यानं टाकत गेलं तं दार आतून कडी लावून घेते. मशीनले बी अपमान समजते." पाणी पिऊन झालं की मगच मशीनला हात लागायचा.

एका उन्हाळ्यात सगळीकडे नवीन सिस्टीम टाकायची घाई सुरू झाली. जुनी आता चालणार नाही असं लोकांनी ऐकलं होतं. कोणी गोंदियाला जाऊन टाकून आणली, कोणी भाच्याकडून टाकून घेतली. दुसऱ्या दिवशी मशीन मालकालाच ओळखेना. लोक पोत्याच्या चुंगडीत गुंडाळून लॅपटॉप आणू लागले. कोणाचं मोठ्या अक्षरांचं बटण दाबलेलं राहिलेलं असायचं. कोणाला नवीन सिस्टीमनं चार आकडे ठेवायला सांगितलेले असायचे आणि तो मात्र जुना शब्दच टाकत बसायचा. भाऊ कोणाला चुकलात म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "मशीन खोटं नाई बोलत. पन पुरं बी नाई सांगत. चूक म्हनते, कोनाची ते नाई सांगत."

त्याच दिवसांत चिचगडकडची एक बाई आली. नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं. लॅपटॉप त्याचाच होता. ती पाणीही प्यायली नाही. म्हणाली, "मले इंग्रजी येत नाई जी. त्यायनं बोटं धरून शिकवलं होतं. इथून इथं, मंग खाली, मंग हे. रोज उघडत होतं. दिरानं नवीन सिस्टीम टाकली, तवापासून घेऊन नाई राहिलं. माह्या बोटायले विसर पडला वाटते."

"आत का आहे?" भाऊंनी विचारलं.

"ते आहेत ना जी. फोटो आहेत. अन् पोरीच्या बारशातला आवाज आहे. दुसरीकडं कुठंच नाई."

भाऊंनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. "टाका तुमी. टाकून झालं की बाजूले डोळ्याचं चित्र दिसते, ते दाबून धरा. ठिपके जातेत अन् अक्षरं दिसतेत. आधी डोळा उघडायचा, मंग डोकं लावायचं." थोडं थांबून म्हणाले, "अक्षरं कोनती दिसून राहिली? आपली का इंग्रजी?"

ती बाई पडद्याकडे बघून गोंधळली. तिला धड वाचता येत नव्हतं. भाऊ न वळताच म्हणाले, "यमुना, तू पाहा. बाईचं बाईनं पाहिलं तं चालते."

माझ्या हातात झाडू होता. तो खाली ठेवून मी गेले. पडद्यावर मराठी अक्षरं होती, पण अर्थ कशालाच नव्हता. काना एकीकडे, मात्रा एकीकडे. भाऊ म्हणाले, "वाच." मी वाचलं. जिथं अर्थच नाही तिथं चुकायचं कसं? शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदा मी लोकांपुढे मोठ्यानं वाचलं. ती अक्षरं मी इथं लिहीत नाही. ती त्या बाईची आहेत.

भाऊंनी भिंतीकडे बघतच सांगितलं, "खालती कोपऱ्यात मराठी लिहिलेलं दिसते ना? त्याच्यावर दाब. आता इंग्रजी कर. बाई, आता टाका. जशी बोटं जातेत तशी जाऊ द्या."

तिनं डोळे मिटून टाकलं. इथून इथं, मग खाली. मशीन उघडलं. पडद्यावर तिचा नवरा होता, मोटारसायकलवर बसलेला, उन्हानं डोळे बारीक केलेला. ती बाई बोटांकडे बघत राहिली. म्हणाली, "म्हंजे मी नव्हती विसरली."

"तुमची बोटं बरोबर होती," भाऊ म्हणाले. "बटनं तीच, आतली पाटी बदलली होती. तुमी एक लिहून राहिल्या, मशीन दुसरंच वाचून राहिलं." तिनं डोळे पुसले तेव्हाच ते वळले.

दुसऱ्या दिवशी दुकान रिकामं असताना त्यांनी मला बोलावलं. पाटी मराठी ठेवून त्यांनी इंग्रजी बटणांनी माझं नाव टाकलं. पडद्यावर आलं, 'बोसहलो'.

"हे का आहे जी?" मी विचारलं.

"तूच आहेस. यमुनाच टाकलं मी."

मला हसू आवरेना. मग तेच नाव पडलं. "बोसहलो, पानी आन." "बोसहलो, चाय सांग." एका गिऱ्हाइकानं विचारलं, "तेलगू आहे का जी?" भाऊ म्हणाले, "नाई, कॉम्प्युटरबोली. देवरीत दोघायलेच येते." चौथीच्या वर्गाची गोष्ट मी त्यांना तेव्हाच सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुही बी पाटी वेगळी होती. गुरुजीनं डोळा नाई उघडून पाहिला."

पुढल्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी माझ्याकडे छत्री मागितली. बाहेर ऊन होतं. मी कोपऱ्यातली छत्री दिली. त्यांनी मान हलवली आणि माठाकडे बोट केलं. "छत्री. छत्री दे ना." मला काही कळेना. मग ते बोटच खाली आलं, उजवा हात टेबलावरून घसरला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. समोरच्या ऑटोवाल्याला हाक मारून आणलं. गोंदियाच्या दवाखान्यात लकवा सांगितला.

घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि शब्द विस्कटलेले होते. बोलायचे पुष्कळ, पण भलतंच बाहेर यायचं. भेटायला येणारे त्यांच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायचे. "टेकचंद, मी कोन आहो? सांग!" भाऊ म्हणायचे, "सायकल." लोक एकमेकांकडे बघायचे. थोड्या दिवसांनी भाऊ लोकांपुढे बोलेनासे झाले आणि लोक त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलू लागले.

दुकान बंद होतं, पण मी त्यांच्या घरी पाणी भरायला जायची. ते "छत्री" म्हणाले की मी पाणी द्यायची आणि ते प्यायचे. त्यांच्या बायकोला, लीलावहिनींना, वाटायचं, मी आपली वेळेवर पाणी देते.

त्यांचा मुलगा नरेश रायपूरला नोकरीला. तो न्यायला आला. त्याच्याही मनात वाईट नव्हतं. म्हणाला, "आई, तू एकटी कुठवर करशील? बाबाले आता इथलं काय अन् तिथलं काय. काही कळत नाई त्यायले. दुकान काढून टाकू." हे सगळं खाटेशेजारी उभं राहून. भाऊ छताकडे बघत होते. गाडी सांगायची ठरली. नरेश म्हणाला, "आई, तुह्या मोबाईलमधी गाडीवाल्याचा नंबर आहे ना? लॉक उघडून दे."

वहिनी खाटेच्या काठावर बसल्या आणि लॉक टाकू लागल्या. मी दारात कळशी घेऊन उभी होते. भाऊंनी मान उशीवरून उचलली. ती लगेच पडली. परत उचलली. मग सगळं अंग डाव्या खांद्यावर रेटून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तिकडे काही नव्हतं, नुसता चुना. तसेच थांबले. लॉक उघडल्याचा आवाज झाला तेव्हा हळूहळू तोंड परत आलं.

नरेशसमोर मी कधी बोलले नव्हते. कळशी खाली ठेवली.

"भाऊले कळते," मी म्हटलं.

"का कळते?"

"सगळं. त्यायनं तोंड फिरवलं जी. वहिनी लॉक टाकून राहिल्या तं."

नरेशला समजलं नाही. वहिनींना समजलं. इतकी वर्षं त्यांनी ती खुर्ची फिरताना बघितली होती. त्यांनी मोबाईल बंद केला आणि भाऊंच्या समोर धरून पुन्हा लॉक टाकायला घेतलं, एकेक आकडा, सावकाश. भाऊंनी पुन्हा मान उचलली. पुन्हा तेवढंच कष्टानं भिंतीकडे वळले. वहिनी शेवटचा आकडा टाकू शकल्या नाहीत. मोबाईल मांडीत पडला आणि त्या पदर तोंडात धरून रडू लागल्या.

"बोटं बरोबर आहेत," मी म्हटलं. "भाऊच म्हनत होते. पाटी बदलली फक्त."

नरेश खाली बसला. आल्यापासून तो पहिल्यांदा बापाशी बोलला. "बाबा, रायपूरले जायचं का?"

"सुपारी," भाऊ म्हणाले. आणि डावा हात जोरानं आडवा हलवला. "सुपारी. सुपारी."

नरेश रडता रडता हसला. "म्हंजे नाई ना?"

गाडी सांगितली नाही. भाऊ घरीच राहिले. वहिनी त्यांची बोली शिकल्या. छत्री म्हणजे पाणी, सुपारी म्हणजे नाही. काही शब्द रोज बदलायचे, तेव्हा त्या म्हणायच्या, "थांबा, डोळा उघडू द्या," आणि त्यांच्या हाताकडे, नजरेकडे बघून ओळखायच्या. नाव मात्र कोणाचंच त्यांच्या तोंडून येत नव्हतं. वहिनींना ते मांजर म्हणायचे. एकदा म्हणाल्या, "एक डाव लीला म्हनले असते तं." भाऊंनी ओठ कितीदा जुळवले. आलं ते मांजरच. त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत.

धान कापणीला आलं होतं. मी दुपारी पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला आणि वळले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बोसहलो."

स्वच्छ, पूर्ण, दुकानात म्हणायचे तसं. वहिनी आतून खिन्नपणे म्हणाल्या, "पाहा बाई, आज तं काहीच्या काही बोलून राहिले." मी त्यांना सांगितलं नाही. नवऱ्याच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायला त्या झुरत होत्या, त्यांना कसं सांगणार की माझं आलं? ते नाव आधीच उलटं होतं, म्हणून सरळ बाहेर पडलं असेल. मी खाटेजवळ गेले आणि म्हटलं, "का जी भाऊ?" त्यांना काही नको होतं. नुसती हाक मारली होती.

त्याच आठवड्यात दुसरा झटका आला. गोंदियाला नेईपर्यंत राहिले नाहीत.

दुकान आता दुसऱ्यानं चालवायला घेतलं आहे. तरुण आहे, हुशार आहे. कॅलेंडर निघालं, खिळा राहिला. मी अजून झाडते, पाणी भरते. तो मला मावशी म्हणतो. माझं नाव त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कोणी पासवर्ड टाकायला बसलं की तो पडद्याकडेच बघत असतो. मी झाडू हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

परवा त्यानं विचारलं, "काऊन मावशी, भिंतीवर का आहे?"

"काही नाई," मी म्हटलं. "होऊ द्या आरामात. मी इकडं आहो."