पेन्सिलीनं काढलेलं वर्तुळ

मोठा भाऊ त्याच्या पिठाच्या गिरणीत पडला तेव्हा पट्टा चालू होता. हात पट्ट्यापासून वीतभर अलीकडे पडला म्हणून वाचला. दळण घेऊन आलेल्या बायांनी त्याला ओढून बाजूला घेतलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, आणि थोड्या वेळात तो उठून बसला नि कोणता डबा कोणाचा ते विचारू लागला. मोताळ्याच्या डॉक्टरांनी नाडी मोजली, घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा मोजली. मिनिटाला पस्तीस-छत्तीस ठोके भरत होते. त्याच दुपारी आम्ही त्याला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला ठोक्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचत नाही, याला हार्ट ब्लॉक म्हणतात, हे तिथं कळलं. ब्लॉक म्हणजे नळीत चरबी अडकणं एवढंच तोवर आम्हाला माहीत होतं. हा ब्लॉक नळीतला नव्हता, वायरिंगमधला होता. भावाच्या छातीत, खांद्याजवळ कातडीखाली पेसमेकर बसवला आणि तिसऱ्या दिवशी तो जेवणाला नावं ठेवू लागला.

आमचे वडील शेताच्या वाटेवर बसल्या जागी गेले होते आणि चुलते एका लग्नात जेवता जेवता. गावानं दोघांनाही अटॅक म्हटलं होतं, आम्हीही तेच म्हणत आलो. हे ऐकल्यावर डॉक्टरांचं लक्ष आमच्याकडे वेगळ्या रीतीनं गेलं. असा ब्लॉक पिढ्यान् पिढ्या ज्या घरांत उतरतो त्या घरांचा अभ्यास त्या हॉस्पिटलात चालू होता. एक तरुण डॉक्टर मॅडम संमतीपत्र आणि एक मोठा कोरा कागद घेऊन वॉर्डात आल्या. मी शाळेत कारकून आहे. आमच्या घरात कुठलाही कागद आला की तो माझ्याकडे येतो. भावानं मान हलवली आणि मी खुर्ची पुढे ओढली.

मॅडम पुरुषाला चौकोन काढत आणि बाईला वर्तुळ. त्यांनी विचारलं, वडील किती भावंडं? मी म्हणालो, चार भाऊ. चार चौकोन झाले. तुम्ही किती? आम्ही दोघं भाऊ. दोन चौकोन. मग मी आपणहून सगळ्या सुनांची माहिती दिली, माझी बायको, वहिनी, काकू, चुलतभावांच्या बायका, कोण कुठल्या गावची ते सुद्धा. मॅडम लिहीत गेल्या. कागद अर्धा भरल्यावर त्या थांबल्या.

"काका, ह्या सगळ्या बाहेरून आलेल्या. तुमच्या घराण्यात मुली जन्मतच नाहीत का?"

भाऊ पलंगावरून म्हणाला, "जलमते ना मॅडम. पन आमी देऊन टाकतो."

शेजारच्या पलंगावरचे म्हातारे हसले, मीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की हा दोष रक्तानं जातो. सुनांचा त्याच्याशी काही संबंध नाही, लेकींचा आहे. ज्याच्यात तो असेल त्याच्या प्रत्येक मुलात किंवा मुलीत तो उतरण्याची शक्यता निम्मी. काहींना आधी चक्कर येते, अंधारी येते. काहींना काहीच होत नाही आणि पहिला झटकाच शेवटचा ठरतो.

"तुम्हाला बहीण आहे?"

"आहे. भावाच्या पाठची, माझ्याहून मोठी. संग्रामपूरला दिलेली."

"त्यांना कधी चक्कर? डोळ्यांपुढे अंधारी? कुठं पडल्या वगैरे?"

मी म्हणालो, "नाही. तिचं सगळं ठीक आहे."

हे खोटं होतं, आणि बोलताना मला ते माहीत होतं.

वडील गेल्यानंतर वर्षभरानं आम्ही ताईकडून हक्कसोडपत्र करून घेतलं होतं, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला हिस्सा तिनं आम्हा भावांसाठी सोडल्याचा कागद. मसुदा मी आणला, फोन मीच केला. फोनवर मी म्हणालो होतो, "फक्त सही लागते, दोन तासांचं काम आहे." ती एसटीनं एकटी आली, निबंधकाच्या कार्यालयात सही केली, अंगठा दिला, फोटो दिला. एका शब्दानं काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर तिसऱ्या पायरीवर ती एकाएकी खाली बसली. तोंड पांढरंफटक पडलं होतं. डोळे उघडे होते, पण त्यांत पाहणं नव्हतं. मी फाईल छातीशी धरून उभा होतो. आजूबाजूचे लोक बघू लागले. माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते सांगतो. ही मला दाखवते आहे, चार लोकांत मला खाली पाहायला लावते आहे, असं माझ्या मनात आलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "अंधारी आली रे." मी उसाचा रस आणून दिला, तिनं अर्धा ग्लास पिऊन ठेवला, आणि मी तिला गाडीत बसवून दिलं.

त्यानंतर मी संग्रामपूरला गेलो नाही. लग्नकार्यात भेट व्हायची तेव्हा मी पुरुष माणसांत बसायचो.

म्हणून मॅडमनी विचारल्यावर मला ती पायरी दिसली. पायरी सांगायची तर तो सहीचा कागद सांगावा लागला असता. पलंगावर भाऊ ऐकत होता, मॅडम माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि मी नाही म्हणालो. मॅडमनी आमच्या दोन चौकोनांच्या मध्ये एक वर्तुळ काढलं, पण पेन बाजूला ठेवून पेन्सिलीनं. म्हणाल्या, "ईसीजी पाहिल्याशिवाय मी पक्कं करत नाही. त्यांना घेऊन या, काका."

माझाही ईसीजी काढला. माझ्या हृदयात ठोक्याच्या निरोपाची उजवीकडे जाणारी वाट बंद निघाली. सध्या धोका नाही, दरवर्षी तपासा, असं सांगितलं. म्हणजे ते माझ्यातही होतं. आता तरी मी त्याच दिवशी फोन करायला हवा होता. मी केला नाही. महिन्यानं मॅडमचा फोन आला, मी म्हणालो, कापूस वेचणी चालू आहे. पुढच्या वेळी म्हणालो, हरभरा काढणी. नंतर म्हणालो, तिच्या घरी पाहुणे आहेत. ही कारणं मी तिला न विचारता तिच्या नावानं देत होतो. मॅडम प्रत्येक वेळी "बरं काका" म्हणत. भाऊ मधूनमधून विचारायचा, "ताईले नेलं काय बे?" मी म्हणायचो, जाऊन राहिलोच आहे. असे आठ महिने गेले.

मग भाऊजींचा फोन आला. ताई पाण्याचा हंडा घेऊन ओट्यावर चढताना पडली होती, उजवं मनगट मोडलं होतं. भाऊजी म्हणाले, "तिची ती जुनी मिरगी हो. पाच-सहा वर्षांपासून गोळ्या चालू आहेत. आता डॉक्टरनं डोस वाढवला."

ताईला मिरगी, म्हणजे फेफरं, आहे हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. माझी बायको म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं?" मी निघालो.

ताई ओसरीत बसली होती, हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातानं भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. मला पाहून म्हणाली, "ये. रस्ता सापडला तुले?"

चुलीजवळ तिला कुणी एकटं बसू देत नव्हतं, विहिरीवर जाऊ देत नव्हतं. तिच्या जाऊबाई शेजारी बसून होत्या, त्या चहा टाकायला आत गेल्या. भाऊजी खाटेवर होते. मी सांगायला सुरुवात केली. भावाचं काय निघालं, माझं काय निघालं, वडिलांचं काय असावं. तिचंही मिरगी नसून तेच असू शकतं, आणि तपासणी लगेच व्हायला हवी.

ती सोलायची थांबली. "दादाच्या बसवल्याले किती दिवस झाले?"

"आठ महिने."

"तुले तवाच सांगितलं होतं त्यायनं? मले आनाले?"

"हो."

"मंग आठ महिने काऊन नाही आला?"

मी पायरीचं सांगितलं. तेव्हा काय वाटलं होतं तेही सांगितलं, भाऊजींच्या समोर. बोलताना माझा आवाज शाळेतल्या चौकशीत उभ्या केलेल्या माणसासारखा येत होता.

ताई म्हणाली, "जमिनीचं वाईट वाटलंच होतं मले. खोटं काऊन बोलू. पन वाईट वाटलं म्हनून मानूस असं मटकन खाली बसते काय? तुले एवढं समजलं नाही?"

भाऊजी उठून आत गेले आणि गोळ्यांची पिशवी आणून माझ्या शेजारी ठेवली.

माझ्याकडे मॅडमनी दिलेली त्या चौकोन-वर्तुळांच्या कागदाची झेरॉक्स होती. ताईनं ती मागितली. मांडीवर पसरून एकेक विचारू लागली. हे कोण? बाबा. ही? वहिनी. ही? काकू. ही? माझी बायको. मग तिचं बोट त्या पुसट वर्तुळावर आलं.

"अन् ही मी."

"हो."

"बाबाच्या बहिनी कुठं हायेत?"

मी म्हणालो, "त्या सांगायच्या राहिल्या."

"तिघी होत्या. तीनयी राहिल्या?"

तिनं मला खिशातला पेन काढायला लावला आणि सांगू लागली. मोठी आत्या बाळंतपणात गेली. धाकटी रोहिणखेडला, अजून आहे, तिलाही उन्हात अंधारी येते, ती लिंबू चोखून बसून राहते. मधलीपाशी ती थांबली. मधल्या आत्याचं नाव आमच्या घरात कुणी काढत नसे. तिनं सासरी विहिरीत जीव दिला असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि आजोबांनी त्या गावाशी येणंजाणं तोडलं होतं.

"आई सांगे," ताई म्हणाली, "का तिले बी अंधारी येत होती. पानी शेंदता शेंदता दोरीच सोडून दे. दोनदा पोहरा गेला होता तिचा विहिरीत. सासू मारे म्हने त्यासाठी."

मी पेन धरून बसलो होतो.

"लिही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. मॅडमनी ताईच्या छातीला दिवसभर ठोके टिपणारं यंत्र लावलं. त्या एका दिवसात तिचं हृदय किती वेळा आणि किती किती सेकंद थांबलं ते पट्टीवर आलं. मिरगी नव्हतीच. ज्या गोळ्या ती घेत होती त्यांनी अशा हृदयाची वायरिंग आणखी मंदावू शकते, असं मॅडम म्हणाल्या, आणि डोस वाढवून किती दिवस झाले ते विचारलं. अकरा दिवस झाले होते. भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. गोळ्या देणाऱ्यावर मी मनात रागावलो आणि लगेच गप्प झालो. त्याला पायरी माहीत नव्हती, मला माहीत होती.

मधल्या आत्यासाठी मॅडमनी वर्तुळ काढलं, गेलेल्या माणसाला मारतात तशी त्यावर तिरपी रेघ मारली, आणि शेजारी प्रश्नचिन्ह लिहिलं. मी विचारलं, ती पडलीच असेल ना? त्या म्हणाल्या, "आता कुणीच सांगू शकणार नाही, काका. पण कागदावर ती असली पाहिजे."

ताईला पेसमेकर बसला. प्लास्टर एका हाताला आणि पट्टी दुसऱ्या खांद्याला, त्यामुळे जाऊबाईंना येऊन तिला भरवावं लागलं. ती त्यांना म्हणाली, "आता तं चुलीपाशी बसू देसान काय वो?" जाऊबाई रडायला लागल्या.

सुट्टी व्हायच्या आदल्या सकाळी तिच्या मुलीचा प्रश्न निघाला. भाची साखरखेर्ड्याला दिलेली आहे, तिला एक लहान मुलगी आहे. दोघींचीही तपासणी करायला हवी होती. मी म्हणालो, मी फोन करतो, मला सगळं नीट समजावून सांगता येईल.

"तू नको सांगू," ताई म्हणाली. "तुह्या सांगन्याले लय वेळ लागते. फोन लावून दे फक्त."

मी नंबर लावून दिला, आवाज मोठा करून फोन तिच्या उशाशी ठेवला, आणि जायला निघालो. तिनं डोळ्यांनीच बस म्हटलं. मग तिनं लेकीला सगळं सांगितलं. गोळ्या बंद झाल्या, छातीत मशीन बसवलं, हे रक्तातून येतं, मामाच्या अंगात आहे, माझ्या आहे, तुझ्याही असू शकतं, भिण्यासारखं नाही पण यायचं. भाची मध्येमध्ये हूं म्हणत होती. शेवटी तिनं विचारलं, "आई, दादामामाचं तं मागच्या सालीच निघालं ना? मंग लहान्या मामाले तुह्याबद्दल माहीत होतं काय?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती काहीतरी सांभाळून घेईल. लहानपणी घेत असे.

"हाव, होतं," ती म्हणाली, आणि कोणत्या वारी यायचं, सोबत काय काय आणायचं ते लेकीला सांगू लागली.