कपाळावरचं पांढरं बोट

भिवंडीत चार लोकांपुढे बोलायचं म्हणजे आधी यंत्रमागांशी झुंजावं लागतं. धामणकर नाक्याजवळच्या त्या जुन्या शाळेच्या सभागृहात एके काळी नाटकं व्हायची, तेव्हा नटमंडळींना तालमीतच बजावलेलं असे: कानात सांगायचं वाक्यसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत पोचवा, भिंतीपलीकडे लूम कुणासाठी थांबत नाही. रंगवलेले पडदे गेले, पेटीवाले गेले, आता तिथे बक्षीससमारंभ होतात. पण त्या रंगमंचाच्या फळ्यांवर आजवर जे जे उभं राहिलं त्यांत मानाचं पान द्यायचं झालं, तर ते कुणा नायिकेला नव्हे, खारबावच्या दिपाली मास्तरणीला द्यावं लागेल. तिची वाक्यं कुणी लिहून दिली नव्हती. आणि ती म्हटल्यावर पदरातलं काय काय जाणार, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

दिपालीचं माहेर अकलोलीचं. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून पाढे पाठ केलेली मुलगी. डी. एड. झाली, खारबावला हितेशच्या घरी सून म्हणून आली आणि भिवंडीच्या त्याच जुन्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली. हितेशचा नाक्याच्या मागे लूमचा कारखाना होता. घरी सासू धोंडूबाई, आणि लग्नानंतर तीन वर्षांनी आलेली मृणाली.

मृणाली दिसायला गोजिरी, पण अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर वळेना. डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवायचं आणि त्याकडे बघत बसायचं, एवढाच तिचा खेळ. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "याला स्वमग्नता म्हणतात. यावर औषध नाही. तिच्याशी बोला, तिला शिकवत राहा, धीर धरा." दिपालीने त्यातली बाकीची वाक्यं ऐकलीच नाहीत. "औषध नाही" हे दोनच शब्द तिच्या कानात घोळत राहिले. हे दोन हजार चार सालातलं.

त्याच सुमारास तिला नीलाताई भेटल्या. गावातल्या जुन्या, नोकरदार घरातल्या. त्यांचा सुश्रुत मृणालीहून तीन वर्षांनी मोठा आणि तिच्यासारखाच. नीलाताईंनी सायबर कॅफेत बसून अमेरिकेतल्या आईबापांचे अनुभव छापून आणले होते. गहू बंद, दूध बंद, वर जीवनसत्त्वांच्या भुकट्या, आणि पोरं म्हणे बोलायला लागली. मुंबईत असे उपचार करणारं एक केंद्रही निघालं होतं. दिपाली मुलीला घेऊन तिथे गेली आणि पथ्याची यादी घेऊन घरी आली.

"काय काय बंद?" धोंडूबाईंनी विचारलं.

"गहू, मैदा, रवा. दूध, दही, तूप. बिस्किटाचं तर नावच नको."

धोंडूबाई हसत सुटल्या. "आगो, याला डाक्टर कशाला व्हवा? आमचे घरान गहू पावन्यालाच करतान. भाकर तांदलाची, कालवन नारलाचं, चाय कोरा. तुजा डाक्टर आगरी हाय का काय?"

पण बिस्किटापाशी गाडं अडलं. मृणाली जगायची ती बिस्किटांवरच. ती बंद केल्यावर पोरीने आकांत मांडला, ताट भिरकावलं, उपाशी झोपली. कुंपणापलीकडची चंद्रा मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मास्तरीन सोताचे पोरीला उपाशी मारते, आनि शालेन दुसऱ्यांची पोरं सांभालते." दिपालीने ऐकलं आणि भांडी घासत राहिली. उरलेले पुडे तिने हितेशबरोबर कारखान्यातल्या कामगारांना पाठवून दिले. शेवटी एका सकाळी तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा कडक पापुद्रा धोंडूबाईंनी मोडून पुढे धरला आणि पोरीने तो खाल्ला. मग भाकरी, मग पेज, मग अंडं, मासळी. सगळं हळूहळू, रडतभेकत. वज्रेश्वरीच्या जत्रेतला पेढासुद्धा दिपालीने कपाळाला लावून परत दिला. देवीला वाईट वाटलं नसावं, बायकांना मात्र वाटलं.

मग आली भुकटी. पांढरी, परदेशी डब्यातली, दुपारच्या जेवणाबरोबर एक सपाट चमचा घालायची. दुपारी दिपाली शाळेत, म्हणून ते काम सासूकडे. "आई, रोज एक चमचा. विसरू नका." "न्हाय इसरत गो," असं धोंडूबाई म्हणाल्या आणि खरंच विसरल्या नाहीत. डबा बरोबर वेळेवर संपायचा.

वर्ष उलटलं. मृणाली रात्रीची झोपायला लागली. पोट साफ राहू लागलं. हाक मारली की निदान मान वळू लागली. आणि एके दिवशी चुलीपाशी बसून, आजीपुढे हात पसरून ती म्हणाली, "दे." एकच अक्षर! पण ज्या आईने चार वर्षं त्याची वाट पाहिली, तिला विचारा ते केवढं होतं. दिपालीने त्या दिवशी शाळेत पोरांना अभ्यास दिला नाही.

एक बारीकशी गोष्ट मात्र तिच्या नजरेत यायची. संध्याकाळी घरी पोचली की पोरीच्या कपाळावर पांढरा पुसटसा डाग असायचा. भाकरीचं पीठ लागलं असेल, असं म्हणून ती तो पदराने पुसून टाकायची.

मुंबईच्या केंद्राने मायलेकींचा फोटो आपल्या पत्रकावर छापला. कुठकुठल्या आयांचे फोन येऊ लागले. दिपाली प्रत्येकीला पथ्य सांगायची, भुकटीचं नाव सांगायची, धीर द्यायची. कालपर्यंत टोमणे मारणारी चंद्रासुद्धा पाहुण्यांना दाखवू लागली, "ती बगा, तीच ती मास्तरीन."

सुश्रुतला मात्र त्याच भुकट्यांनी काही फरक पडेना. तेव्हा केंद्राच्या डॉक्टरांनी नीलाताईंना पुढचा उपचार सांगितला. शिरेत सुई लावून थेंब थेंब औषध सोडायचं, म्हणजे अंगात साठलेले धातू बाहेर पडतात, असं त्यांचं म्हणणं. येत्या रविवारी शाळेच्या सभागृहात पालकांची सभा होती आणि तिथे दिपाली बोलणार होती.

"मंगळवारी त्याला न्यायचं ठरवलंय," नीलाताई तिला म्हणाल्या. "पण हात उचलत नाही गं. तू रविवारी बोल. तुझ्या तोंडून ऐकलं की माझा धीर होईल."

"येईल हो त्यालाही गुण," दिपालीने त्यांचा हात दाबला.

शनिवारी सभेसाठी सभागृह झाडायला काढलं आणि शाळा लवकर सुटली. दिपाली भर दुपारी घरी आली ती मागच्या दाराने. पडवीत धोंडूबाई नातीला पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी डब्यातून चमचा भरून भुकटी काढली, केळीच्या पानाच्या तुकड्यावर ओतली. तीत बोट बुडवून पोरीच्या कपाळावर ओढलं. एक चिमूट तिच्या जिभेवर ठेवली. उरलेली भुकटी तिच्यावरून ओवाळली आणि उठून अंगणातल्या शेवग्याच्या मुळाशी घालून वर तांब्याभर पाणी ओतलं.

"आई! हे काय?"

"आवशद दिलं पोरीला."

"एवढंच?"

"मंग? आंगारा चिमूटभरच देतान. मोठ्या भगताचा आसंल तं चिमूट बी जड जाते. आख्खा चमचा पोटान घालू? येवढीशी पोर ती!"

"अंगारा नाही हो तो! औषध आहे. सगळं पोटात जायला पाहिजे!"

"चमचा काडतंय ना रोज, तू सांगितलास तसा?" धोंडूबाई आता गोंधळल्या होत्या. "उरलेला कोनाचे पायाखाली येवाला नको म्हनून झाडाला घालतंय."

दिपालीने शेवग्याकडे पाहिलं. त्या वर्षी त्याला अशा शेंगा लागल्या होत्या की अख्खी आळी आमटीला नेत होती.

"पहिल्या दिवसापासून असंच?"

"पयल्या दिसापास्न."

दिपाली पायरीवर बसली. किती आयांना तिने त्या डब्याचं नाव सांगितलं होतं! तेवढ्यात मृणाली आजीजवळ गेली आणि हात पसरला. धोंडूबाईंनी भाकरीचा तुकडा उचलला, पण दिला नाही. आपल्या डोळ्यांजवळ धरून बसल्या. "बग मज्याकडं. बग, मंग देतंय." कोंबड्या अंगणभर फिरून आल्या, तरी म्हातारी तशीच बसून. अखेर पोरीची नजर भिरभिरत वर आली, आजीच्या डोळ्यांवर टेकली. "दे." आणि तुकडा मिळाला. दिपालीने घरातली दुपार कधी पाहिलीच नव्हती. ती बघत राहिली.

संध्याकाळी हितेशला सगळं कळलं, तेव्हा तो आधी हसला, मग गंभीर झाला. "उद्या हे बोलू नकोस. पथ्य केलं, पावडर आणली, एवढंच बोल. डबा संपलाच ना? खोटं काय त्यात?"

"नीलाताई मंगळवारी सुश्रुतला सुईवर घालणार आहेत. माझ्या भरवशावर."

"आणि लोक काय म्हणतील? मास्तरणीच्या घरात भगतगिरी चालते! ज्या शाळेत शिकवतेस, तिथेच उभी राहून सांगणार?"

हितेश म्हणाला त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच तर अवघड होतं.

रविवारी सभागृह गच्च भरलं. केंद्राचे डॉक्टर पहिल्या रांगेत. त्यांच्या मागे नीलाताई, मांडीवर पर्स घट्ट धरून. हितेश, धोंडूबाई आणि मृणाली दाराजवळच्या बाकावर. दिपालीचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या. तिने माइक हातात घेतला आणि पथ्याचं सांगायला सुरुवात केली. बिस्किटांचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं. पुढचं वाक्य भुकटीचं होतं. ते ओठांवर आलं आणि वीज गेली.

भिवंडीत वीज गेली की शांतता पसरत नाही, कोसळते. माइक मेला, पंखे थांबले, आणि भिंतीपलीकडचे लूम गल्लीमागून गल्ली गप्प होत गेले. शेवटच्या बाकावरच्या लेकराचं बोट चोखणंसुद्धा ऐकू येऊ लागलं. सूत्रसंचालकाने खूण केली, बसा मॅडम, लाइट आल्यावर बघू. सुटकेचं दार असं आपण होऊन उघडलं होतं. तिथून विंगेत निघून गेली असती, तर कुणी बोट दाखवलं नसतं.

दिपालीने माइक खाली ठेवला आणि रंगमंचाच्या कडेला येऊन उभी राहिली.

"भुकटीबद्दल मी तुम्हाला वर्षभर चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण दारापर्यंत गेला. "मला काल कळलं. माझ्या सासूबाई ती अंगारा समजून देत होत्या. चिमूटभर जिभेवर, एक बोट कपाळावर, आणि बाकीची सगळी शेवग्याला."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. दिपाली ते संपेपर्यंत थांबली. थांबायचं कसं, हे शिकवायला नटांना वर्षं लागतात.

"हसा. मलाही आज सकाळी हसू आलं. पण माझी मुलगी बदलली हे खरं आहे. कशाने, ते मला माहीत नाही. पथ्याने असेल, वयाने असेल, सासूबाई दिवसभर तिच्यासमोर बसतात त्याने असेल. एवढंच नक्की माहीत आहे की त्या डब्याने नाही." मग ती दुसऱ्या रांगेकडे वळली. "नीलाताई, सुईचं मला काही कळत नाही. ठाण्याच्या डॉक्टरांना विचारा, आणखी कुणाला विचारा. पण माझ्या मृणालीकडे बघून ती लावू नका. तिच्या पोटात चिमटीपलीकडे काही गेलंच नाही. आणि डॉक्टर, आमचा फोटो काढून टाका."

डॉक्टर उठले. चेहरा शांत ठेवून म्हणाले, "काही शरीरं फार संवेदनशील असतात. चिमूटभर मात्रेचाही परिणाम होऊ शकतो."

दाराजवळून धोंडूबाईंचा आवाज आला. "मंग सगल्यांना चिमूटच द्या की वो! आख्खा डबा कशाला इकता?"

त्यावर ज्या टाळ्या पडल्या, तशा त्या सभागृहाने कित्येक वर्षांत ऐकल्या नव्हत्या. लूमची खडखड सुरू झाली तरी त्या थांबेनात.

सभा उठल्यावर नीलाताई आल्या. डोळे लाल. "वर्षभर मी तुझ्यासारखी आई व्हायला धडपडले गं. रागच आला आधी तुझा." डोळे पुसून म्हणाल्या, "मंगळवारचं नाही करत मी. मनातून नकोच होतं, नाही म्हणायला कुणीतरी हवं होतं." मग धोंडूबाईंकडे वळल्या. "मी सुश्रुतला घेऊन दुपारची येऊ का तुमच्याकडे?"

"ये ना गो. भाकर हाय. शेंगा तं लय हायेत."

मृणाली आजीचा पदर धरून उभी होती. दिपालीने सवयीने तिच्या कपाळाकडे पाहिलं. पांढरं बोट होतंच. आज तिने ते पुसलं नाही.

नाक्यावर चौघं रिक्षात बसली, तेव्हा हितेश बाहेर बघत होता. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "स्कूल में क्या था भाई? बाहर तक तालियाँ सुनाई दीं."

हितेश सरसावून बसला. "मेरी मिसेस का भाषण था," तो म्हणाला. मग ऐकू गेलं नसेल तर, म्हणून पुन्हा म्हणाला, "टीचर है. मेरी मिसेस."

"आनि माजं न्हाय का रं?" मागून धोंडूबाई म्हणाल्या. "जास्त टाल्या तं मना पडल्या!"