चंद्रावरचा वाडा

पार्सल हातात आलं की मॅडम आधी ते कानाशी धरायच्या आणि हलकंच हलवायच्या. आतून डब्यात हरभरे हलवल्यासारखा आवाज यायचा. मग मान डोलवून म्हणायच्या, "वाजतंय बराबर." एवढं झाल्याशिवाय सही नाही.

वडीगोद्रीला हायवेला लागून माझं कुरिअरचं दुकान आहे. आमच्या धंद्यात माणसाला एक खोड लागते. खोका उचलला की आत काय असेल, हे मनातल्या मनात ओळखायचं. बियाण्याची पाकिटं, चपला, मिक्सरचं भांडं, सगळं हाताला कळतं. वरचेवर येणारं हे एक पार्सल मात्र मला वर्षभर ओळखू आलं नाही. घेणाऱ्या मॅडम म्हणजे आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टर. वय पन्नाशीच्या आसपास, पायात गमबूट, केसांचा घट्ट अंबाडा. नवरा नोकरीमुळे नांदेडला, मुलगी तिकडेच शिकायला. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये मॅडम एकट्याच राहायच्या. मी आधी समजलो, जनावरांच्या गोळ्या असतील.

एकदा पार्सल पावसात भिजून आलं आणि वरचा कागद फाटला. आतल्या रंगीत खोक्यावर एक यान चंद्रावर उभं होतं, आणि कोपऱ्यात छापलं होतं की हे अठरा वर्षांपुढच्यांसाठी आहे.

"मॅडम, हे खेळणंच आहे ना?" मी विचारलं.

"खेळणंच. एकात एक बसवायचे ठोकळे."

"मग अठरा कशाला?"

"लेकरायला येतंच की हे, भाऊ. पण मोठ्या माणसाला खेळायची लाज वाटती. खोक्यावर तसं लिहिलं की लाज जाती."

त्यांना माझी उत्सुकता दिसली असावी. पुढच्या रविवारी त्यांनी मला चहाला बोलावलं. क्वार्टरच्या मागच्या खोलीत पलंग भिंतीला सरकवलेला, आणि मधोमध दारापेक्षा मोठं टेबल. त्यावर चंद्र. करड्या जमिनीला खड्डे, घुमट, तबकड्या, उतरायचा तळ, आणि बोटाच्या पेराएवढी माणसं. भिंतीशी औषधांचे रिकामे खोके रांगेनं लावलेले, एकेकात एकेका रंगाचे ठोकळे. लस ठेवायच्या थर्माकोलच्या डब्यात तर नुसते पारदर्शक पिवळे तुकडे होते.

मी हात मागे बांधून उभा राहिलो. देवळात उभं राहतो तसा. मॅडमनी एक यान उचलून माझ्या हातात दिलं.

"उडवा."

"म्हणजे?"

"हातात धरून हवेत फिरवा. फिरवताना तुकडा गळला, तर ते यान न्हाई. शोकेसमधी ठेवायची वस्तू हाय."

मी, दोन लेकरांचा बाप, ते यान हातात धरून त्या खोलीत गोल फिरलो. तुकडा गळला नाही. मॅडमना बरं वाटलं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना एका विषयावर मत विचारलं की संध्याकाळ जाते. मॅडमची मतं फार होती. ठोकळ्यावर चित्र छापलेलंच पाहिजे, वरून चिकटवायचं स्टिकर म्हणजे कंपनीचा आळस. यानाची काच पिवळी असावी. आणि सगळ्यांत मोठं मत, अवकाशाच्या सेटमध्ये बंदूक नसावी. जुन्या सेटांमध्ये माणसं नुसती हिंडायची, माती बघायची, दगड गोळा करायची. पुढं कंपनीनं त्यात पोलीस आणले, चोर आणले, लढाया आणल्या. "इतक्या लांब जाऊन भांडायचंच, तर मंग इथंच काय वाईट होतं?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, सांगता येत नाही.

फोनवर त्यांचा एक ग्रुप होता. देशभरातली मोठी माणसं, कुणी दातांचा डॉक्टर, कुणी इंजिनिअर, कुणी विमा विकणारा. तिथं बंदुकीवरून, काचेच्या रंगावरून रोज वाद व्हायचे. मॅडम इंग्रजीत उत्तरं लिहायच्या आणि दुकानात आल्या की मला आपल्या भाषेत सांगायच्या. "ते इंदूरचे इंजिनिअर म्हणून राह्यलेत, लढाई नसली तर गोष्ट होत न्हाई. मी म्हणलं, तुम्ही कधी गाय वीत असताना थांबलात का? तिथं कुणाची लढाई नसती. पण जागचं हलवत न्हाई माणसाला."

हे त्या उगाच म्हणत नव्हत्या. आपलं यान चंद्रावर उतरलं, त्या संध्याकाळी मॅडम आमच्याच शिवारात एका गोठ्यात होत्या. वासरू आडवं आलं होतं. मॅडमचा एक हात खांद्यापर्यंत गाईत, आणि मालकाला त्यांनी फोन समोर धरून उभं केलेलं. मी बॅटरी धरायला होतो. फोनमधून टाळ्यांचा आवाज आला, तसा मालक म्हणाला, "मॅडम, उतरलं बघा ते."

"उतरू द्या," मॅडम दातओठ खात म्हणाल्या, "इकडंबी उतरून राह्यलंय."

वासरू जगलं. मॅडमनी हात धुतले आणि मग गोठ्याच्या दारात बसून ते उतरणं पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

हा नाद लागला कुठून, हे मी एकदा विचारलं. मॅडमचे वडील मेंढरं राखायचे. वर्षातले कितीतरी महिने सगळं घर मेंढरांमागं, उघड्यावर. मॅडमना शिकायला मामाकडं ठेवलं म्हणून त्या डॉक्टर झाल्या. परभणीला कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडे परदेशातून आलेला जुना सेट होता. त्यात अवकाशवीराच्या पोशाखातला एक निळा माणूस.

"तो हसत होता, भाऊ. घर सोडून इतक्या लांब गेलाय, अन् हसतोय. आमच्यात वाडा हलवायचा म्हणलं की सगळ्यांची तोंडं उतरायची. मला वाटलं, ह्याला काय दिसलं असंल?"

मेंढपाळांच्या तळाला आमच्याकडे वाडा म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. आज इथं, चार दिवसांनी तिथं.

मग पुण्याला त्या ग्रुपचं प्रदर्शन ठरलं. मॅडमना एक टेबल मिळालं. त्यांनी वर्षभर खपून चंद्रावरचं ते ठाणं वाढवलं, पक्कं केलं, सगळं एका मोठ्या फळीवर बसवलं. न्यायचं कसं, तर माझ्या व्हॅनमध्ये. मागची सीट काढली. खाली मॅडमची औषधांची पेटी, कारण त्या तिच्याशिवाय कुठंच जात नव्हत्या, आणि वर आडवी फळी, चारी बाजूंनी गोधड्या. सकाळी निघालो. गतिरोधक आला की मॅडम मागं वळून फळीला हात लावायच्या.

शहागडच्या अलीकडं फोन वाजला. रस्त्यापासून आत, एका शेतात उतरलेल्या वाड्यावरून होता. मेंढरं मक्याच्या राशीत शिरली होती. पोटं फुगून राहिली होती, काही आडवी पडली होती. तिथले डॉक्टर सुट्टीवर, म्हणून कुणीतरी मॅडमचा नंबर दिला होता.

मॅडमनी फोन ठेवला आणि समोर पाहत राहिल्या. मी वेग कमी केला. ठरवायचं त्यांनी होतं.

"डावीकडं घ्या," त्या म्हणाल्या.

पेटी फळीखाली होती. फळी बाहेर काढल्याशिवाय ती निघेना. मी आणि एका मेंढक्यानं मिळून चंद्र उचलला आणि लिंबाखालच्या बाजेवर ठेवला. मॅडमनी तिकडं पाहिलंही नाही. त्यांनी खायचा सोडा मागवला, गोडं तेल मागवलं, बाह्या वर केल्या आणि एकेका मेंढीचं तोंड उघडून पाजायला बसल्या. मी बाटल्या भरून देत होतो.

दुपारपर्यंत निम्मा वाडा बाजेभोवती जमला. एक कोकरू घुमट चाटत होतं. वाड्यावरली सगळ्यांत जुनी बाई, कपाळावर गोंदलेली, कमरेत वाकलेली, बाजेपाशी टेकली आणि फार वेळ बघत राहिली.

"हे काय मांडलंय, बाई?"

"चंद्रावरचं घर, मावशी," मॅडम मेंढीच्या मानेवरून म्हणाल्या. "तिथं गेलेल्या माणसायचं."

"वाडाच की. मंग उचलायचा कसा हा?"

"उचलायचा न्हाई. कायमचा हाय."

"अन् तिथला चारा सरल्यावर?"

"तिथं चारा न्हाई."

"मंग गेलेत कशाला?"

मॅडमच्या हातातली बाटली मेंढीच्या तोंडात तशीच राहिली. "बघायला," त्या म्हणाल्या.

म्हातारीनं एक माणूस चिमटीत उचलून डोळ्यांजवळ नेलं. "बघायला गेलेलं माणूस एका जागी बसून ऱ्हातं व्हय?" तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, आणि ते माणूस होतं तिथं परत ठेवलं.

मॅडमनी बाटली काढली. पुढची मेंढी ओढली.

दोन मेंढ्या गेल्या. बाकीच्या ऊन कलल्यावर एकेक करून उठल्या. मी मॅडमना बाजूला घेऊन म्हणालो, "आत्ता निघालो तरी रात्री पोचू. विनंती करू त्यांना, उद्या सकाळी मांडू."

"पोटं परत फुगू शकतेत. अंधार पडंपर्यंत थांबावं लागंल." मग त्या बांधावर गेल्या आणि पुण्याला फोन लावला. मला एवढंच ऐकू आलं, "माझं टेबल दुसऱ्या कुणाला द्या." परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. म्हणाल्या, सोड्याची पूड गेली. मीही तेच मानलं. वर्षभर जीव लावलेल्या त्या फळीवर त्यांनी एक गोधडी पांघरली, आणि वाड्यावर मिळालेली भाकरी आम्ही तिथंच बसून खाल्ली.

परतीच्या वाटेवर गतिरोधक आला, तरी त्या मागं वळल्या नाहीत. वडीगोद्रीचे दिवे दिसायला लागले तेव्हा एकदम म्हणाल्या, "ती बराबर बोलली का, भाऊ?"

"कोण?"

"मावशी. मी लहानपणापासून एकच ठरवलं होतं, आपलं घर हलणार न्हाई. म्हणून चंद्रावरबी पक्कंच बांधलं मी. पण तो निळा माणूस घर बांधायला गेल्ता का? तो तर हिंडायला गेल्ता."

पुढचे काही महिने त्या खोलीत मोडामोड चालली. घुमट सुटले, तळ सुटला. मी गेलो की दर वेळी काहीतरी नवं दिसायचं. घरांना चाकं आली. पाण्याची टाकी गाडीवर गेली. घडी होणाऱ्या भिंती आल्या. जरा पुढं चालणारा एक माणूस आला, जागा बघायला. पूर्वीच्या जागेवर मॅडमनी मुद्दाम खुणा ठेवल्या, चाकांच्या वाटा आणि उठलेल्या तळाचे चौकोन.

फोटो ग्रुपवर टाकला, तेव्हा दोन तट पडले. इंदूरचे म्हणाले, हा अवकाशाचा सेट वाटतच नाही, ही तर जत्रा. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, आतापर्यंत हे कुणाला कसं सुचलं नाही? मॅडम दोन्हीकडच्यांना शांतपणे उत्तरं देत होत्या. पहिल्यांदाच मी त्यांना वाद न घालता बोलताना पाहिलं. फक्त कुणी 'तळ' म्हटलं की त्या दुरुस्त करायच्या. "वाडा म्हणा. त्या शब्दाला इंग्रजी न्हाई."

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. भोकरदनकडं, पिंपळगाव रेणुकाईला. सामान न्यायला टेम्पो ठरला. मी म्हणालो, "मॅडम, ती फळी टेम्पोत नको. माझ्या व्हॅनमध्ये जशीच्या तशी नेतो. एक तुकडा हलू देणार नाही."

मॅडम हसल्या. "असा नेत असतेत का वाडा? मोडायचा, लादायचा, तिकडं जाऊन मांडायचा."

आम्ही दोघं जमिनीवर बसून दुपारभर तो मोडत होतो. पिवळे तुकडे थर्माकोलमध्ये, करडे औषधांच्या खोक्यांत. त्यांचे हात जल्दी चालत होते, माझे अडत होते. एक तुकडा सुटेना म्हणून मी नख लावलं, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, जरासा तिरका केला आणि तो आपोआप सुटला. शेवटी टेबलावर काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी ओलं फडकं घेऊन ते पुसून काढलं. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसताना एवढंच म्हणाल्या, "या कधी तिकडं."

माझं जाणं झालेलं नाही. दुकान बंद ठेवता येत नाही. पण भोकरदनकडचा कुणी कुरिअरवाला किंवा बियाणेवाला आला की मी चौकशी करतो. परवा एकाला विचारलं, मॅडमकडं गेला होतास का, घरात काही मांडलेलं दिसलं का.

"दिसलं की," तो म्हणाला. "टेबलच न्हाई, सगळं जमिनीवर हाय. मागच्या खेपेला गेल्तो तवा खिडकीखाली होतं. आता दारापाशी आलंय."