बाणाचं टोक

घरात पहिली बी.ए. मी. विषय भूगोल. हे मी सांगत फिरते आणि फिरणारच. माझ्याआधी आमच्याकडे कोणी दहावीपर्यंतही पोचलं नव्हतं.

आमचं घर धरणाच्या उगवतीच्या काठावर, शेत मावळतीच्या. रस्त्याने जायचं तर कामरगावावरून वळसा, अर्धा दिवस मोडतो. म्हणून बाबांनी डोंगा ठेवला. सकाळी वारा पडलेला असताना वल्हवत जायचं. दुपारून मावळतीचा वारा सुटला की आईनं खताच्या रिकाम्या पोत्यांचं शिवलेलं शीड बांबूवर चढवायचं आणि घरी यायचं. वारा कुठला, ते बाबा चिमूटभर माती सोडून पाहत.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा खांदा धरला. जाताना कसंबसं वल्हवत, येताना सगळी भिस्त वाऱ्यावर. म्हणून मी मोबाईलवर वाऱ्याचं ॲप घेतलं, समुद्रात शिडाच्या बोटी नेणारे लोक पाहतात तसलं. आठवडाभर त्यातला फक्त वेग पाहिला आणि तेवढाच बाबांना सांगितला.

त्या दिवशी तीन वाजता त्यांचा तिकडून फोन आला. डोंग्यात गुरांसाठी कुटार भरलं होतं.

"माय, उगवतीकडं आभाळ आलं वाट्टे. माती सोडली तं सरळ खाली पडून राह्यली. वारा कोनीकडून येते, पाय बरं तुह्या मोबाईलात."

मी पाहिलं. चार वाजताचा बाण, टोक मावळतीकडे. शाळेत वातकुक्कुटाची आकृती मी अशी काढायचे की बाई वही वर्गाला दाखवत. टोक जिकडे, वारा तिकडून.

"मावळतीचाच हाय बाबा. निघा."

"शिकेल पोरगी सांगते म्हणून निघतो," ते हसले. "नाही तं बसलो असतो इथंच."

कसाबसा वल्हवत डोंगा निम्म्यात आला आणि घरच्या काठावर उभ्या माझ्या पाठीवर वारा आदळला. ओढणी खांद्यावरून सुटून पुढे, पाण्याकडे ताठ झाली. हातातल्या मोबाईलमधला बाण आणि ओढणी, दोघांचं तोंड एकीकडेच. हा बाण वारा कुठे चाललाय ते दाखवत होता. मी तो वहीतल्या आकृतीसारखा वाचला होता.

मग वावधनच उठलं. धुळीत आधी शीड दिसेनासं झालं, मग डोंगा. फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. मग वाजेचना. आई धावत आली. काठावर दुसरा डोंगा नव्हता, मला पोहता येत नाही. आणि मी काय करत होते? ॲप बंद करून पुन्हा उघडत होते, बाण फिरेल म्हणून.

आई म्हणाली, "इचार ना त्याले, तुहा बाप कुठी हाय ते."

मी गुडघाभर पाण्यात शिरले आणि हाका मारत राहिले. वारा माझ्या हाका त्यांच्याच दिशेने नेत होता, बाकी काही माझ्या बाजूने नव्हतं. घसा बसला. आई मागे काठावर मटकन बसली होती, तिच्याकडे वळून पाहायची माझी हिंमत नव्हती.

दिवेलागणीला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी हावो," बाबा म्हणाले.

कुटार त्यांनी पाण्यात लोटलं होतं, शीड विळ्यानं कापलं होतं. तिकडच्याच काठाजवळ बुडालेल्या बाभळीला एका हातानं धरून राहिले होते, कोणाला तरी दिसेपर्यंत. दुसरा हात उचलतच नव्हता. अजूनही खांद्याच्या वर जात नाही.

कोणी विचारलं की ते सांगतात, "पोरीनं बरोबर सांगतलं होतं. मोबाईलनंच दगा देला." मी तिथेच असते, ऐकत.

आता डोंगा चुलतभाऊ वल्हवतो, बाबा पुढे बसतात. निघण्याआधी डाव्या हातानं माती सोडतात, ती कुठे जाते ते पाहतात, आणि तरी माझ्याकडे वळतात.

"तुहा मोबाईल काय मनते, माय?"

"टॉवर नाही, बाबा," मी सांगते. टॉवर भरपूर असतो.