हनुवटी खाली, नाना

आया नाही. सिस्टर.

वच्छला सिस्टर गेल्या.

काल फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "नानांची आया गेली." खाली लगेच हात जोडलेल्या इमोजींची रांग. तिथे भांडून झालंय माझं. आता इथे भांडते.

आया असण्यात कमीपणा काहीच नाही. पण जी बाई नर्सिंग शिकली, सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात जिने अख्खी नोकरी काढली, तिला नर्स म्हणायला तुमची जीभ का अडते?

रिटायर झाल्यावर त्या आमच्या नल्लकुंट्यात घरोघरी म्हाताऱ्या पेशंट्सकडे यायच्या. काल सकाळी ड्युटीवर निघतानाच अंबरपेठेत, स्वतःच्या घरात, कोसळल्या.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना, नानांना, स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळायचीही बोंब. डॉक्टर म्हणाले, घरी चांगलं नर्सिंग ठेवा. मला वाटलं, नर्सिंग म्हणजे स्पंजिंग आणि डायपर.

पहिल्या दिवशी सिस्टर आल्या तेव्हा मी नानांना आडवं झोपवून वाटीने पाणी पाजत होते.

"काय करायलात?"

"पाणी पाजतेय."

"पाजत नाहीत ताई, बुडवायलात."

असा राग आला ना मला!

त्यांनी नानांना ताठ बसवलं. पाण्यात पावडर घालून ते दाट केलं. अर्धा चमचा पुढे धरला.

"हनुवटी खाली, नाना. हल्लू. गिळा. आता अजून एकदा गिळा."

नानांनी ओठ घट्ट मिटले.

मी चमचा धरला की तोंड उघडायचे. सिस्टरनी धरला की बंद.

सिस्टरच्या गळ्यात बुद्धाचं छोटं लॉकेट होतं. नाना तोंड का मिटतात, ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. मी मात्र "आजारपणाने चिडचिडे झालेत हो" म्हणत राहिले. आणि त्यांच्या चहाचा कप आमच्याकडे वेगळा, खिडकीत ठेवलेला असायचा. तो मीच ठेवला होता. लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

सिस्टर एवढंच म्हणाल्या, "चमचा तुम्ही धरा. मी शेजारी उभं राहून सांगते. पाणी नीट पोटात गेलं पाहिजे, बाकी मागून बघू."

अकरा दिवस असंच चाललं.

बाराव्या दिवशी नानांची बहीण, आमची कमलआत्या, गंगाजलाचा गडू घेऊन आली. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला आलेला प्रत्येक जण काहीतरी तोंडात घातल्याशिवाय जात नाही. शहाळ्याचं पाणी घाल, तीर्थ घाल.

"एकदा घालू दे गं, काय भरवसा," म्हणत तिने आडव्या पडलेल्या नानांच्या तोंडात गंगाजल ओतलं. मी बघत उभी.

नाना निळे पडले.

सिस्टर बाथरूममधून ओल्या हातांनी धावत आल्या. आत्याला बाजूला सारलं, नानांना कुशीवर वळवलं, पाठीत थापा मारल्या, बोटाने तोंड साफ केलं. नानांनी श्वास घेतला.

आत्या उलट त्यांच्यावरच तडकली. "तुला काय कळणार आमच्यातलं?"

"तुमच्यातलं नाही कळत, मावशी. श्वासनळी कळते. माणूस जगायलाय, त्याला मरायचं पाणी कैकू पाजता?"

दुपारी सिस्टरनी नेहमीसारखा चमचा माझ्याकडे दिला. नानांनी डाव्या हाताने चमच्यासाठी खूण केली. माझ्याकडे नाही. त्यांच्याकडे.

त्यानंतर त्यांनी आमच्या नानांना पुन्हा उभं केलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायचं, डावी, उजवी, पाठ. एक बेडसोअर नाही झाला. आधी खिडकीपर्यंत चालवलं, मग काठी घेऊन गेटपर्यंत.

नाना गेटपर्यंत गेले त्या दिवशी मी कोठीच्या बाजारातून पेढे आणले आणि नेऊन दिले कुणाला? डॉक्टरांना!

नंतर विचारलं तर सिस्टर हसून म्हणाल्या, "मला नक्को, शुगर आहे मला." त्यांना सगळं कळत होतं.

घरोघरी म्हातारी माणसं आहेत आता. मला फोन येतात, "तुमच्याकडे होती तशी एखादी बाई मिळेल का?" बाई नाही मिळणार. नर्स म्हणा, मग बघू. तिला बसायला खुर्ची द्या. ती सांगेल ते ऐका. आणि कप सगळ्यांचा तोच द्या.

काल दुपारी मी आणि आत्या अंबरपेठेला निघालो. नाना काठी घेऊन दारात उभे. "मी," म्हणाले. अजून एक-दोन शब्दच येतात त्यांना.

तिथे त्यांना खुर्ची दिली. समोर सिस्टर, पांढऱ्या साडीत, उशाशी मेणबत्ती. नाना बराच वेळ बघत बसले. मग सिस्टरच्या लेकीकडे वळून म्हणाले,

"पाणी."

आत्या कुजबुजली, "दादा, मयताच्या घरचं पाणी घेत नाहीत रे. आणि त्यात..."

त्यात काय, ते तिने गिळलं.

लेकीने स्टीलचा पेला आणून दिला. घरातलाच, सगळ्यांचा.

नाना ताठ बसले. डाव्या हातात पेला धरला. हनुवटी खाली केली. एक घोट. गिळला. पुन्हा एकदा गिळला. मग दुसरा घोट. अख्खा पेला संपेपर्यंत मी हुंदके देत होते.

पेला खाली ठेवून ते स्पष्ट म्हणाले, "सिस्टर."

फॅमिली ग्रुपवाल्यांनो, ऐकलंत? नानांना कळतं, कोण होत्या त्या.

एकदाही ठसका लागला नाही, सिस्टर.

जय भीम.